अर्जदार : डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे

(बी. ए. द्वितीय वर्ष)

थोर पुरुषांची चरित्रे आपण शाळेपासून वाचत आलो आहोत. जन्म, बालपण, शिक्षण, कार्य आणि मृत्यू अशा पाच मथळ्यांत त्यांचे आयुष्य बसविले जाते आणि परीक्षेत त्यावर प्रश्न येतो. मीही अशी चरित्रे पाठ केली. परंतु या वर्षी डॉ. पांडुरंग खानखोजे यांच्याविषयी वाचत असताना या पाच मथळ्यांत न बसणारी एक गोष्ट मला आढळली आणि ती काही केल्या मनातून जाईना. ज्या माणसाने देशासाठी तरुणपणीच घर सोडले, परमुलखात संसार मांडला, त्याला देश स्वतंत्र झाल्यावर स्वतःच्याच देशात येण्यासाठी व्हिसाचा अर्ज करावा लागला. आणि तो अर्ज प्रथम नामंजूर झाला!

अर्ज हा शब्द माझ्या फार ओळखीचा आहे. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. त्यामुळे घरातला आणि भावकीतला कोणताही अर्ज असो, तो भरण्याचे काम माझ्याकडे येते. माझ्या आईचे माहेर कर्नाटकात, भालकी तालुक्यात आहे. आपल्या निलंगा तालुक्यातील औराद शहाजानीच्या पुढे थोडे गेले की सीमा लागते. १९५६ पूर्वी ही सीमा नव्हती. निलंगा आणि भालकी हे दोन्ही तालुके बीदर जिल्ह्यातच होते. सोयरीक जुनी, सीमा नवी. तरीही लग्नानंतर आईचे नाव आमच्या शिधापत्रिकेत घालायचे, तर माहेरच्या पत्रिकेतून नाव कमी केल्याचा दाखला आणा, असे इकडच्या कार्यालयात सांगत आणि तिकडे गेले की आणखी एखादा कागद मागत. त्यात एका कागदावर माहेरचे नाव, दुसऱ्यावर सासरचे. मी दहावीत असताना तो अर्ज माझ्या हाताने पाचव्यांदा लिहिला. म्हणून एका थोर माणसाच्या चरित्रात अर्ज हा शब्द वाचताच मी थांबले. या लेखात त्यांच्या पराक्रमाइतकेच त्यांच्या त्या अर्जाविषयीही लिहिणार आहे. वाचकांनी गोड मानून घ्यावे.

पांडुरंग सदाशिव खानखोजे यांचा जन्म नोव्हेंबर १८८४ मध्ये वर्धा येथे झाला. त्यांचे वडील अर्जनवीस होते, म्हणजे लोकांचे सरकारदरबारचे अर्ज लिहून देणे हाच त्यांचा व्यवसाय होता. प्राथमिक व माध्यमिक शिक्षण वर्ध्याला झाल्यावर पांडुरंगराव पुढील शिक्षणासाठी नागपूरला गेले. तो काळ लोकमान्य टिळकांचा होता. स्वदेशी आणि स्वराज्य या शब्दांनी तरुणांची मने भारून गेली होती. खानखोज्यांच्या मनाने घेतले की इंग्रजांशी लढायचे तर शस्त्रविद्या आली पाहिजे आणि ती शिकण्याची सोय या देशात नाही. पोलिसांची नजर त्यांच्यावर होतीच. त्यांनी टिळकांची भेट घेतली. टिळकांनी त्यांना जपानला जाण्याचा सल्ला दिला. नुकतेच, म्हणजे १९०५ मध्ये, जपानने रशियासारख्या बलाढ्य साम्राज्याचा पराभव केला होता आणि साऱ्या आशियाचे डोळे त्या देशाकडे लागले होते.

१९०६ च्या सुमारास खानखोज्यांनी हिंदुस्थान सोडला. त्या वेळी वय अवघे बाविशीचे. आपल्या वर्गातील काही मित्र आज त्याच वयाचे आहेत! येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. त्या काळी परदेशी जाण्यासाठी आजच्यासारखा पासपोर्ट सर्वत्र सक्तीचा नव्हता. ती पद्धत जगभर रूढ झाली ती पहिल्या महायुद्धानंतर. हिंदुस्थानात प्रवेश करणाऱ्याजवळ पासपोर्ट असलाच पाहिजे, असा कायदा १९२० मध्ये झाला. म्हणजे खानखोजे बाहेर पडले तेव्हा दार नुसते लोटलेले होते. त्याला कुलूप लागले ते ते बाहेर असताना.

जपानमध्ये काही काळ राहून ते अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर गेले. तेथे त्यांनी शेतीशास्त्राचे शिक्षण घेतले आणि कॅलिफोर्नियातील माउंट तमालपाइस या लष्करी शाळेत कवायत व युद्धशास्त्राचेही धडे गिरवले. एका हातात नांगर आणि दुसऱ्या हातात बंदूक, असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही. त्या भागात पंजाबातून आलेले हजारो शेतकरी लाकडाच्या गिरण्यांत आणि फळबागांत मजुरी करीत होते. त्यांना संघटित करण्यासाठी १९०८ मध्ये पंडित काशीराम यांच्याबरोबर खानखोज्यांनी ओरेगॉन राज्यातील पोर्टलंड येथे एक संस्था स्थापन केली. पुढे लाला हरदयाळ, सोहनसिंग भकना आदी मंडळींनी मिळून १९१३ मध्ये जो गदर पक्ष उभारला, त्याच्या संस्थापकांत खानखोजे होते. सशस्त्र उठावाची तयारी हे त्यांचे विशेष काम होते.

१९१४ मध्ये महायुद्ध पेटले आणि गदरचे वीर मायदेशी परतू लागले. पुणे जिल्ह्यातील तळेगाव ढमढेरे येथील विष्णु गणेश पिंगळे हे त्यांपैकीच एक. लाहोरच्या खटल्यात पिंगळे यांना फाशीची शिक्षा झाली आणि १६ नोव्हेंबर १९१५ रोजी ती अमलात आली. खानखोजे दुसऱ्या वाटेने निघाले. तुर्कस्तान, मेसोपोटेमिया, इराण आणि बलुचिस्तान या भागांत त्यांनी नाव व वेष बदलून काम केले. इंग्रजांच्या फौजेतील हिंदी शिपायांपर्यंत क्रांतीची पत्रके पोचविली, इराणी टोळ्यांबरोबर राहून प्रत्यक्ष लढाईही केली. पण युद्धाचा निकाल इंग्रजांच्या बाजूने लागला आणि सारा बेत ढासळला. त्यानंतर ते बर्लिनला आले आणि १९२१ मध्ये वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय, भूपेंद्रनाथ दत्त यांच्यासमवेत मॉस्कोलाही गेले. तेथेही हवी तशी मदत मिळाली नाही.

आता प्रश्न उभा राहिला की जायचे कोठे? हिंदुस्थानात परतावे तर तुरुंग ठरलेला. अमेरिकेत गदरच्या मंडळींवर सॅन फ्रान्सिस्कोमध्ये खटला होऊन गेलेला. इंग्रजी राज्य तर निम्म्या जगावर पसरलेले. अशा वेळी एका देशाचे दार उघडे मिळाले. तो देश मेक्सिको. १९१० मध्ये तेथे मोठी क्रांती झाली होती आणि जमीनदारांच्या अफाट जमिनी गावकऱ्यांना वाटून देण्याचे काम चालू होते. अमेरिकेत असताना खानखोज्यांची काही मेक्सिकन क्रांतिकारकांशी मैत्री झाली होती. ती ओळख या वेळी कामी आली. १९२४ मध्ये ते मेक्सिकोला पोचले आणि राजधानीजवळील चापिंगो येथील राष्ट्रीय कृषी विद्यालयात अध्यापक झाले. ही शाळा एका जुन्या जमीनदारी वाड्यात नुकतीच भरू लागली होती. वय चाळीस, हाती पैसा नाही, भाषा स्पॅनिश. दुसरा एखादा खचून गेला असता!

खानखोज्यांनी मात्र मातीत हात घातला. मेक्सिको ही मक्याची जन्मभूमी मानली जाते. आपल्याकडे जशी ज्वारीची भाकरी, तसा तेथे मक्याचा टॉर्टिया. त्याच्यावाचून गरिबाचे पान वाढले जात नाही. खानखोज्यांनी मक्याच्या सुधारित जातींवर संशोधन केले, तसेच गहू आणि कडधान्ये यांवरही काम केले. थंडीत आणि पाण्याच्या ताणातही तग धरतील अशा जाती शोधणे हा त्यांचा ध्यास होता. आपल्या मराठवाड्यातील शेतकऱ्याला या कामाचे मोल निराळे सांगायला नको. एक पाऊस चुकला तर काय होते, ते आपण आपापल्या घरी पाहतो.

संशोधन प्रयोगशाळेत कोंडून ठेवायचे नाही, असा त्यांचा निश्चय होता. शेतमजुरांसाठी त्यांनी मोफत कृषी शाळा सुरू केल्या. ज्यांनी कधी शाळा पाहिली नव्हती, असे बापे त्या शाळांत येऊन बी कसे निवडावे हे शिकत. टीना मोदोत्ती या प्रख्यात छायाचित्रकार बाईंनी त्यांच्या कामाची छायाचित्रे टिपली. थोर चित्रकार दिएगो रिवेरा यांनी मेक्सिको शहरातील शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर गोरगरिबांच्या पंगतीचे एक मोठे चित्र काढले आहे. त्यात मध्यभागी बसून भाकरी वाढणारा जो माणूस आहे, तो आपल्या वर्ध्याचा पांडुरंग खानखोजे होय!

येथपर्यंतची हकिगत चरित्रग्रंथांत सविस्तर येते. आता ज्या ओळीवर सहसा कोणी थांबत नाही, त्या ओळीकडे वळते. १९३६ मध्ये खानखोज्यांनी मेक्सिकोत जीन अलेक्झांड्रिन सिंडिक या बेल्जियन स्त्रीशी विवाह केला. त्यांना सावित्री आणि माया अशा दोन मुली झाल्या. बहुतेक ठिकाणी एवढेच लिहिलेले असते. परंतु जरा विचार करावा. वर हिंदुस्थानचा, वधू बेल्जियमची आणि लग्न मेक्सिकोत. तीन देश एका मांडवात आले. त्यांपैकी दोघांच्याही माहेरचे आणि सासरचे दार एकाच वेळी बंद होते. वराच्या देशावर इंग्रजांचे राज्य असल्यामुळे त्याला तेथे जाता येत नव्हते. वधूच्या देशावर चार वर्षांनी, मे १९४० मध्ये, जर्मनीने आक्रमण करून ताबा मिळविला. मुलींना आजोळ दाखवायचे म्हटले तरी कोठे न्यावे?

त्या काळी परदेशी माणसाशी लग्न करणे ही केवळ दोन मनांची गोष्ट नव्हती. कायद्याने त्याची किंमत बहुधा बाईकडून वसूल केली जाई. ब्रिटनच्या १९१४ च्या कायद्याप्रमाणे परकीयाशी लग्न करणारी स्त्री स्वतःच परकीय ठरत असे आणि हा नियम १९४८ च्या नव्या कायद्यापर्यंत मुळातून गेला नाही. अमेरिकेतही १९०७ पासून तोच प्रकार होता. १९२२ मध्ये तेथे सुधारणा झाली, पण तिच्यात एक मेख होती. ज्या पुरुषाला वंशाच्या कारणाने नागरिकत्व मिळू शकत नाही, अशाशी लग्न करणाऱ्या स्त्रीचे नागरिकत्व जातच राहिले. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हिंदी लोक नागरिकत्वास पात्र नाहीत असा निर्णय दिला. थिंड हे अमेरिकेच्याच सैन्यात नोकरी केलेले गृहस्थ होते, तरीही! खानखोज्यांचे जुने सहकारी तारकनाथ दास यांच्या पत्नी मेरी या जन्माने अमेरिकन. पण हिंदी माणसाची बायको म्हणून त्यांचे नागरिकत्व हिरावले गेले. आपल्या जन्मगावी राहून बाई परदेशी झाली.

कॅलिफोर्नियात तर गोऱ्या वंशाच्या स्त्रीशी अन्य वंशाच्या पुरुषाने लग्न करण्यालाच कायद्याची आडकाठी होती. १९१७ च्या कायद्याने आशियातून नव्याने येणाऱ्यांना दार बंद झाले, त्यामुळे पंजाबी शेतकऱ्यांना गावाकडील बायकोला आणणेही अशक्य झाले. त्यांपैकी अनेकांनी तेथे मजुरीला आलेल्या मेक्सिकन बायकांशी संसार थाटले. आई स्पॅनिश बोलणारी, बाप पंजाबी बोलणारा, अशी शेकडो कुटुंबे त्या भागात झाली. या पार्श्वभूमीवर मेक्सिकोने खानखोज्यांना जे दिले त्याचे महत्त्व कळते. नोकरी दिली, मान दिला आणि कोणाशी लग्न करावे हे त्यांचे त्यांना ठरवू दिले.

१५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला. खानखोजे त्या वेळी बासष्ट वर्षांचे होते. ज्या दिवसासाठी चाळीस वर्षे वणवण केली, तो दिवस त्यांनी हजारो मैल दूर राहून अनुभवला. आता परतण्यास कोणाची हरकत असणार? इंग्रज गेले होते. आपले सरकार आले होते. त्यांनी भारतात येण्यासाठी व्हिसाचा अर्ज केला. तो नाकारला गेला. कारण काय? तर ब्रिटिश सरकारने त्यांच्यावर घातलेली प्रवेशबंदी अद्याप कागदोपत्री कायम होती. राज्य बदलले, झेंडा बदलला, परंतु कपाटातील यादी तीच राहिली. ज्या यादीत नाव असणे हा सन्मान मानायला हवा होता, त्याच यादीमुळे ते परके ठरले.

हा प्रसंग वाचून मला प्रथम संताप आला. नंतर मी शांतपणे विचार केला. ज्या कारकुनाने तो अर्ज नामंजूर केला, तो काही दुष्ट नसावा. त्याच्यापुढे यादी होती आणि यादीत नाव होते. आमच्या आईचा अर्ज परत करणारे गृहस्थही दुष्ट नव्हते. एकदा तर त्यांनीच मला बसायला खुर्ची दिली आणि पाणी विचारले. पण समोर बसलेल्या माणसापेक्षा समोरचा कागद खरा मानायचा, ही सवय एकदा लागली म्हणजे चांगल्या माणसाच्या हातूनही अन्याय होतो. कोणीतरी उठून जुनी यादी तपासायला हवी, एवढे साधे काम असते. ते करायला मात्र कोणी मोकळा नसतो.

खानखोज्यांच्या बाबतीत शेवटी ते काम झाले. नकार मागे घेण्यात आला. १९४९ मध्ये तेव्हाच्या मध्य प्रांत व वऱ्हाड सरकारच्या निमंत्रणावरून शेतीविषयक सल्ल्यासाठी ते भारतात आले. उघडपणे, स्वतःच्या नावाने मायभूमीवर पाऊल टाकण्याचा योग तब्बल चार दशकांनंतर आला. पुढे काही वर्षांनी ते पत्नीसह नागपूरला कायमचे राहावयास आले. ज्या नागपुरात ते शाळेला होते, ते नागपूर तेव्हा मध्य प्रदेशाची राजधानी होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी ते मुंबई राज्यात आले. योगायोग असा की त्याच दिवशी आपला निलंगा तालुकाही बीदर जिल्ह्यातून निघून मुंबई राज्यात आला आणि भालकी तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेली. खानखोजे जागेवर बसून एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेले, तसे आपले आजे-पणजेही गेले!

आणि जीनबाईंचे काय? त्या बेल्जियममध्ये जन्मल्या, मेक्सिकोत संसार केला आणि उतारवयाकडे झुकलेल्या पतीबरोबर नागपूरच्या उन्हाळ्यात येऊन राहिल्या. खानखोज्यांच्या दृष्टीने ते घरी परतणे होते, जीनबाईंच्या दृष्टीने तो तिसरा देश होता. देशासाठी त्याग केला असे आपण खानखोज्यांविषयी म्हणतो आणि ते खरेच आहे. परंतु जो देश आपला नव्हता त्याच्यासाठी ज्या बाईने घर हलविले, तिच्या त्यागाला आपल्या पाच मथळ्यांत जागा नाही. खेड्यातील प्रत्येक मुलगी लग्नानंतर गाव सोडते, नाव सोडते, म्हणून आपल्याला त्यात नवल वाटत नाही, हेच खरे कारण असावे. माझी आई पंचवीस कोसांवरून आली, जीनबाई सात समुद्रांपलीकडून आल्या. सासरच्या दारात उभे राहून मी कोण ते सिद्ध करा, असे दोघींनाही ऐकावे लागले असले पाहिजे, असे मला वाटते.

यानंतरच्या काळात कायदा पुष्कळ बदलला. हे बदल आपल्यालाही ठाऊक असावेत, कारण आज आपल्या जिल्ह्यातील मुले-मुली शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी परदेशी जात आहेत. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याने भारतीयाशी विवाह केलेल्या स्त्रीला नोंदणी करून भारताची नागरिक होण्याचा मार्ग दिला. मात्र तो केवळ स्त्रीला होता. भारतीय मुलीने परदेशी माणसाशी लग्न केले, तर त्या जावयाला तो हक्क नव्हता. सून आपली, जावई परका, असा तो हिशेब होता. १९८६ च्या दुरुस्तीने स्त्री हा शब्द जाऊन व्यक्ती हा शब्द आला. परदेशात जन्मलेल्या मुलाला आईच्या बाजूने भारतीय नागरिकत्व मिळण्यासाठी तर १९९२ साल उजाडावे लागले. तोवर ते फक्त बापाकडून मिळत होते!

परदेशात लग्न करणाऱ्या भारतीयांसाठी १९६९ मध्ये विदेशी विवाह अधिनियम झाला. वधू-वरांपैकी एक जण भारतीय नागरिक असला की त्या देशातील आपल्या वकिलातीतील विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस देऊन लग्न लावता येते. नोटिशीपूर्वी दोघांपैकी एकाने तेथे किमान ३० दिवस राहिलेले असावे लागते, नोटीस लावल्यानंतर हरकतीसाठी ३० दिवस थांबावे लागते आणि तीन साक्षीदार लागतात. वराचे वय २१ आणि वधूचे १८ पूर्ण हवे. परदेशी जोडीदाराला भारतात येऊन राहण्यासाठी व्हिसा घ्यावा लागतो आणि त्यासाठी विवाहाच्या नोंदणीचा दाखला हा मुख्य कागद असतो. नोंदणी झालेला विवाह सलग दोन वर्षे टिकला की काही अटींवर परदेशस्थ भारतीय नागरिक म्हणून कार्ड मिळू शकते आणि पूर्ण नागरिकत्वासाठी सात वर्षांच्या वास्तव्याची अट आहे. १९२० चा तो जुना पासपोर्टचा कायदा आणि १९४६ चा परकीय नागरिकांचा कायदा हे दोन्ही आता गेले असून २०२५ मध्ये त्यांच्या जागी नवा एकत्रित कायदा आला आहे. कायदे असे बदलत जातात. मात्र लग्नाची नोंद वेळेवर करावी आणि सर्व कागदांवर नाव एकसारखे असावे, ही गोष्ट तेव्हाही खरी होती आणि आजही खरी आहे. आपल्याकडे लग्नात हजार पानांची पंगत उठते, परंतु नोंदणीच्या एका कागदासाठी कोणाला सवड नसते.

खानखोज्यांच्या अखेरच्या वर्षांतील एक घटना सांगून हा लेख आवरता घेते. देशात अन्नधान्याची भीषण टंचाई असताना १९६६ मध्ये भारत सरकारने मेक्सिकोहून १८,००० टन गव्हाचे बियाणे आणविले. नॉर्मन बोरलॉग या अमेरिकन शास्त्रज्ञाने मेक्सिकोत वाढविलेला तो बुटका गहू होता. हरितक्रांतीची सुरुवात तेथून झाली, हे आपण अर्थशास्त्राच्या पुस्तकात वाचतो. त्याच मेक्सिकोत बोरलॉग १९४४ मध्ये पोचण्यापूर्वी वीस वर्षे एक मराठी माणूस पिकांच्या जाती सुधारीत होता आणि शेतकऱ्यांना बी निवडायला शिकवीत होता. मेक्सिकोच्या बियाण्याला बंदरात आनंदाने उतरवून घेतले गेले. मेक्सिकोहून येणाऱ्या या कृषिशास्त्रज्ञाला मात्र काही वर्षांपूर्वी थांबवून ठेवले होते. पुढे थोड्याच महिन्यांत, जानेवारी १९६७ मध्ये, डॉ. खानखोजे नागपूर येथे निधन पावले.

त्यांच्या कन्या सावित्री साहनी यांनी २००८ मध्ये इंग्रजीतून वडिलांचे चरित्र प्रसिद्ध केले आणि वीणा गवाणकर यांनी मराठीत त्यांच्यावर ग्रंथ लिहिला. सप्टेंबर २०२२ मध्ये चापिंगो येथील विद्यापीठात भारताच्या लोकसभेच्या अध्यक्षांच्या हस्ते त्यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. ज्या देशाने एकेकाळी अर्ज नाकारला, त्या देशाच्या प्रतिनिधीने परक्या भूमीवर जाऊन त्यांना हार घातला. ही गोष्ट आनंदाचीच आहे. उशिरा का होईना, यादी कोणीतरी तपासली.

आईचे नाव अखेर गेल्या वर्षी आमच्या शिधापत्रिकेत आले. नाव लिहिताना एक वेलांटी चुकली आहे. तिला वाचता येत नाही, म्हणून तिला ती दिसत नाही, पण मला दिसते. आई म्हणाली की राहू दे आता, माणूस तर मीच आहे ना. मी मात्र दुरुस्तीचा अर्ज लिहून ठेवला आहे. वर्ध्याच्या एका अर्जनवीसाचा मुलगा नकार आल्यावर गप्प बसला नाही, म्हणूनच त्याला आपल्या देशाच्या मातीत डोळे मिटता आले. शिकलेल्या माणसाने एवढे तरी करावे. ज्याला लिहिता येत नाही त्याचा अर्ज लिहून द्यावा; आणि उद्या आपल्यापैकी कोणी टेबलापलीकडच्या खुर्चीत बसलाच, तर अर्ज परत करण्यापूर्वी एकदा मान वर करून समोर कोण उभे आहे ते पाहावे.